क्रूझवर कॅप्टन असल्या-नसल्याचा प्रवाशाला नक्की काय फरक पडतो?

विजापूर_वेस (धागाकर्ता)

क्रूझच्या जाहिरातीत पांढऱ्या गणवेशातला, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्यांचा कॅप्टन हसून हात हलवत असतो. जहाजावर गेल्यावर तो एखाद्या संध्याकाळी पाच मिनिटं दिसतो, कधी तेवढाही नाही. तरी जाऊन आलेली माणसं "कॅप्टन फार चांगला होता" किंवा "कॅप्टन खडूस होता" असं छातीठोकपणे सांगतात. कशावरून?

आपल्याला रेल्वेचा गार्ड कळतो, एसटीचा कंडक्टर कळतो. जहाजाचा कॅप्टन हा प्रकार सोलापूरकराच्या अंगवळणी पडलेला नाही. जहाज उशिरा सुटलं, बंदर गाळलं, वरचा डेक बंद केला, की कुणाला काय विचारायचं हेच सुचत नाही. इथे जहाजावर काम करणारे आणि बुकिंगच्या धंद्यातले असे दोन्हीकडचे सभासद आहेत. नेमकं लिहा. प्रवासवर्णनं आणि फोटो 'भटकंती' विभागात टाका, इथे नकोत.

चौथी_पट्टी

आधी हुद्दे समजून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल. मोठ्या क्रूझ जहाजावर कॅप्टनच्या हाताखाली तीन मुख्य खाती असतात. डेकचं काम स्टाफ कॅप्टन बघतो आणि कॅप्टनच्या गैरहजेरीत तोच दुसरा माणूस. इंजिन चीफ इंजिनिअरकडे. खोल्या, खाणं, करमणूक, दुकानं हे सगळं हॉटेल डायरेक्टरकडे. प्रवाशाचा रोजचा संबंध जवळजवळ पूर्ण या तिसऱ्या खात्याशी येतो. माइकवर दिवसभर "आज रात्री नऊ वाजता बिंगो" म्हणून ओरडणारा तो क्रूझ डायरेक्टर. पुष्कळ लोक त्यालाच कॅप्टन समजून परत येतात.

ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, साधारणपणे चार तास काम, आठ तास सुट्टी, परत चार तास अशा पाळ्या चालतात. त्या इतर अधिकारी सांभाळतात. कॅप्टनला पाळीत धरत नाहीत. तो मोकळा ठेवलेला असतो, कारण त्याची गरज कधी पडेल याला वेळापत्रक नाही. बंदरात शिरताना, बाहेर पडताना, धुक्यात, गर्दीच्या जलमार्गात, वादळाच्या कडेने जाताना तो ब्रिजवर असतोच. आठवड्याच्या सफरीत पाच बंदरं असली, तर पाच वेळा पहाटे उठून जहाज आत घालायचं आणि पाच वेळा संध्याकाळी बाहेर काढायचं. विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास असा आहे. यातून गप्पांच्या मैफलीला किती वेळ उरतो ते तुम्हीच मोजा. पहाटे बंदर गाठायचं असताना आदल्या रात्री उशिरापर्यंत बारमध्ये फोटो काढत बसलेला कॅप्टन मला तरी रुचत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट लिहिलंय, की सुरक्षेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालक, कंपनी, जहाज भाड्याने घेणारा यांपैकी कुणीही आडवं येऊ शकत नाही. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आयएसएम संहितेतही सुरक्षा आणि प्रदूषण या बाबतीत अंतिम शब्द कॅप्टनचा. ऑफिसातून "लोकांनी पैसे भरलेत, काहीही करून गोवा गाठा" असा फोन आला, तरी त्याला नाही म्हणता येतं.

शेंगाचटणी

म्हंजे गाडी दुसराच चालवतोय, हॉटेल तिसराच बघतोय. मग ह्यो चार पट्ट्यावाला करालाय काय बे? हात हलवायलाच ठिवलाय का?

चौथी_पट्टी

हात हलवायलाच ठेवलाय, पण जॉयस्टिकवर.

ब्रिजच्या दोन्ही टोकांना जहाजाच्या अंगाबाहेर डोकावणारा काचेचा भाग असतो, त्याला विंग म्हणतात. बऱ्याच जहाजांवर तिथे पायाखालीही काच असते. धक्का आणि जहाज यांच्यातली फट थेट दिसते. धक्क्याला लागताना कॅप्टन तिथे उभा राहतो आणि तिथल्याच पॅनेलवरून पुढचे बो थ्रस्टर (नाक आडवं सरकवणारे पंखे) आणि मागचे पंखे चालवतो. अलीकडच्या बऱ्याच जहाजांना मागे सुकाणू नसतंच. पंखा आणि मोटर असलेला अख्खा पॉडच खाली गोल फिरतो. क्रूझ जहाजावर हे पॉड पहिल्यांदा १९९८ मध्ये 'एलेशन'वर बसले.

आता वाऱ्याचं गणित बघा. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' सुमारे २११ मीटर लांब आहे, मोठी जहाजं ३०० मीटरच्या पुढे जातात. ३०० मीटर लांब आणि पाण्यावर ४० मीटर उंच धरलं तर वाऱ्यापुढे १२,००० चौरस मीटरची भिंत उभी राहिली. त्यावर आडवा २५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर) वारा आला तर ढोबळमानाने १२० टनांचा जोर पडतो. वारा ३५ नॉट झाला की तोच जोर जवळपास दुप्पट, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. थ्रस्टरची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून वारा "थोडासाच" वाढला आणि कॅप्टनने बंदर सोडून दिलं, की प्रवाशाला ते भित्रेपणाचं वाटतं. थ्रस्टर आणि टगबोटी (जहाजाला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या लहान बोटी) यांच्या बेरजेपेक्षा वाऱ्याचा जोर जास्त झाला, एवढंच त्यात असतं.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस गर्दीकडे बघत नाही, त्याची नजर वर टोकाकडे असते. धक्क्याला लागताना कॅप्टन तसाच असतो. खालून कितीही हात हलवा, तो बघणार नाही आणि बघूही नये.

पायलटबद्दल एक गैरसमज आहे. बंदराचा पायलट चढला म्हणजे जबाबदारी त्याच्याकडे गेली असं नाही. तो स्थानिक पाणी ओळखणारा सल्लागार. जबाबदारी कॅप्टनचीच राहते. पनामा कालवा हा ठळक अपवाद.

आणि कॅप्टन ब्रिजवर नसण्याने काय होतं, त्याचा धडा १८ जुलै २००६ चा. 'क्राउन प्रिन्सेस' फ्लोरिडाच्या पोर्ट कॅनाव्हेरलमधून न्यूयॉर्ककडे निघालं. तासाभरात कॅप्टन आणि स्टाफ कॅप्टन ब्रिजवरून गेले. वेग जास्त, पाणी त्यामानाने उथळ आणि स्वयंचलित सुकाणूखाली जहाजाची दिशा डावी-उजवी डुलतेय, अशा अवस्थेत ते सेकंड ऑफिसरच्या हाती आलं. वळण हाताबाहेर जातंय असं वाटून त्याने ऑटो काढलं आणि हाताने सुकाणू फिरवलं, तेही चुकीचं. जहाज सुमारे २४ अंश कललं. १४ जण गंभीर आणि २८४ जण किरकोळ जखमी. चौकशीत अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या मंडळाने सेकंड ऑफिसरच्या चुकीसोबत हेही नोंदवलं, की दिशा स्थिर होण्याआधीच दोघे वरिष्ठ निघून गेले होते. समुद्र शांत होता. प्रवाशांना आधी काही जाणवायचं कारणच नव्हतं.

कडक_भाकरी

ब्रिजचं सगळं मान्य. हॉटेल खात्यातून बघितलं तर मात्र चित्र थोडं वेगळं आहे. कॅप्टन प्रवाशाला दिसला नाही तरी एक वेळ चालतं, कर्मचाऱ्याला दिसलाच पाहिजे.

हॉटेल खात्यातल्या माणसाचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. कॅप्टन तीनेक महिन्यांनी बदलतो. म्हणजे एकाच वेटरच्या करारात दोन-तीन कॅप्टन येऊन जातात आणि प्रत्येक बदलानंतर आठवड्याभरात जहाजाची शिस्त बदललेली जाणवते. कशी, ते सांगतो.

कॅप्टनची तपासणी फेरी असते. सोबत स्टाफ कॅप्टन, हॉटेल डायरेक्टर, त्या-त्या विभागाचा प्रमुख. हातात टॉर्च. चांगला कॅप्टन चकचकीत काउंटरकडे बघतच नाही, काउंटरच्या खाली वाकतो. फ्रिजच्या दाराचं रबर बोटाने ओढून बघतो, बर्फाच्या मशिनचं झाकण उघडतो, भांडी धुण्याच्या मशिनच्या शेवटच्या पाण्याचं तापमान वाचतो. अमेरिकी बंदरात येणाऱ्या जहाजांना तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा स्वच्छता कार्यक्रम लागू असतो: थंड पदार्थ ५ अंशांच्या आत, गरम ५७ अंशांच्या वर. मधल्या पट्ट्यात पदार्थ रेंगाळला की जंतू वाढतात. कॅप्टन दर फेरीला थर्मामीटर मागतो हे माहीत असलं, की स्वयंपाकघरातली नोंदवही खरी भरली जाते. नाहीतर संध्याकाळी एका बैठकीत दिवसाचे सगळे आकडे "भरून" टाकायची सवय लागते. प्रवाशाचं पोट बिघडतं ते इथे.

त्याच कार्यक्रमात, जुलाब-उलट्यांच्या तक्रारी प्रवाशांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या २ टक्क्यांवर गेल्या की जहाजाने वेगळा अहवाल द्यावा लागतो आणि ३ टक्क्यांवर गेल्या की ते नाव जाहीर होतं. म्हणून आकडा वर सरकायला लागला की कॅप्टन हस्तांदोलन बंद करतो, मुठीला मूठ लावतो, बुफेतले चमचे काढून घेऊन वाढपी उभे करतो. याला शिष्टपणा समजू नका. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचं अल्कोहोलचं जेल नीट चालत नाही, साबणाने २० सेकंद हात धुवावे लागतात. बुफेच्या दारातल्या बेसिनला टाळून जेल फासून आत घुसणारे लोक सगळ्यात जास्त त्रास देतात.

क्रू मेसमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, अधूनमधून ताट घेऊन बसणारा कॅप्टन असला तर गाऱ्हाणी तिथल्या तिथे मिटतात. बंदरात सगळ्या कर्मचाऱ्यांना उतरता येत नाही, आणीबाणीसाठी ठरावीक माणसं जहाजावर ठेवावीच लागतात. ती पाळी न्यायाने फिरते का, यावर वेटरचा चेहरा ठरतो. आणि वेटरच्या चेहऱ्यावर तुमची सुट्टी.

डफरीन_चौक

बुकिंगच्या बाजूने काही खुलासे, कारण फोनवर हेच प्रश्न रोज येतात.

कॅप्टनसोबत जेवण: हे तिकिटात नसतं. ज्या कंपन्यांत ही प्रथा आहे तिथे आठ-दहा जणांचं टेबल लागतं आणि नावं हॉटेल डायरेक्टर आणि रेस्टॉरंटचा प्रमुख ठरवतात. स्वीट घेतलेले, त्याच कंपनीने अनेकदा फिरलेले लोक आधी. पन्नासावा वाढदिवस, लग्नाचा रौप्यमहोत्सव असं काही असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि चढल्यावर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला परत सांगा. तिसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही, टेबल भरलेलं असतं. यजमान दुसराच अधिकारीही असू शकतो.

स्वागत समारंभ: लांबच्या सफरीत बहुधा पहिल्या समुद्रावरच्या दिवशी संध्याकाळी. कॅप्टन अधिकाऱ्यांची ओळख करून देतो, चार शब्द बोलतो, फोटोला उभा राहतो. सगळं वीस मिनिटांत आटपतं. फोटोग्राफर जहाजाचा असतो आणि छापील फोटोचे वेगळे पैसे लागतात; स्वतःच्या मोबाइलवर काढून द्या म्हटलं तर बहुतेक वेळा देतात. औपचारिक पोशाख म्हणजे कोट-टायच पाहिजे असं नाही. इरकल साडी, सलवार-कुडता, बंदगळा उत्तम चालतो. हाफ पँट आणि बाथरूम स्लिपर नाही चालत.

ब्रिज बघायचा हट्ट: जुन्या लोकांकडून ऐकलेलं असतं की कॅप्टन मुलांना ब्रिजवर नेतो. ते दिवस गेले. २००४ पासून आयएसपीएस ही सुरक्षा संहिता लागू आहे आणि २०१२ नंतर जहाज बंदरात शिरताना-निघताना ब्रिजवर कामाशिवायचा माणूस चालत नाही. काही जहाजांवर पैसे भरून पडद्यामागची सहल असते, काहींवर काचेतून ब्रिज दिसणारी खोली असते. केबिनच्या टीव्हीवर पुढचा कॅमेरा आणि नकाशा दाखवणारं चॅनेल बहुधा असतंच, ते फुकट.

तक्रार: पनीर खारट होतं म्हणून कॅप्टनला गाठू नका. गेस्ट सर्व्हिसेस, तिथून विभागप्रमुख, तिथून हॉटेल डायरेक्टर. कॅप्टनकडे जायच्या गोष्टी म्हणजे सुरक्षा, छळ, चोरी, मारामारी. तिथेही गेस्ट सर्व्हिसेसला "सिक्युरिटी ऑफिसर बोलवा" म्हणा आणि नोंद झाली का ते विचारा.

शेंगाचटणी

पनीरचा मुद्दा आमच्या घरी प्रिंट काढून लावतो.

हत्तरसंग

चौथी_पट्टी, दुपारच्या त्या घोषणेबद्दल लिहा ना. "पोझिशन अमुक, विंड तमुक" असं काहीतरी बोलतात आणि लोक जेवत राहतात. त्यातून प्रवाशाने काय घ्यायचं?

चौथी_पट्टी

हत्तरसंगताई, माझ्या मते प्रवाशाची आणि कॅप्टनची खरी गाठ तिथेच पडते. दोन-तीन मिनिटांत चांगला कॅप्टन पुढच्या चोवीस तासांचा अंदाज देऊन जातो.

पहिलं, ऐकायचं कुठे. केबिनमधला स्पीकर साधारणपणे आणीबाणीसाठी राखलेला असतो. रोजची घोषणा कॉरिडॉरमध्ये आणि मोकळ्या जागांत वाजते. खोलीत असाल तर दार उघडा किंवा टीव्हीवर जहाजाचं चॅनेल लावा. दार लावून झोपलेल्या माणसाला घड्याळ बदलल्याचंही कळत नाही. सिंगापूर किंवा दुबईच्या सफरीत हे महागात पडतं, कारण बंदरात परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि मोबाइल स्वतःच्या मर्जीने किनाऱ्यावरची वेळ पकडतो.

दुसरं, वेग आणि वारा. जहाज १८ नॉटने चाललंय आणि समोरून २० नॉटचा वारा आहे असं सांगितलं, तर वरच्या डेकवर ३८ नॉट, म्हणजे ताशी ७० किलोमीटरचा वारा लागणार. डेक बंद होणार हे घोषणेवरूनच ओळखता येतं. उलट १८ नॉटने चालताना मागून १८ नॉट वारा असेल तर डेकवर पान हलणार नाही, पण धुराड्याचा धूर डोक्यावरच रेंगाळेल.

तिसरं, लाटेची उंची आणि विशेषतः दिशा. इथे कॅप्टनची कसोटी असते. बाजूने आलेल्या लाटेच्या फुगवट्याने जहाज डाव्या-उजव्या अंगावर डुलतं. ते कमी करायला पोटाशी दोन्हीकडे पंख असतात, स्टॅबिलायझर. चांगल्या परिस्थितीत ते डुलणं बरंचसं मारतात. पण पंखाचा जोर जहाजाच्या वेगावर चालतो, वेग निम्मा केला की जोर पाव होतो. त्यामुळे "समुद्र खवळलाय, हळू चालवा" हा प्रवाशांचा आग्रह कधीकधी उलटा पडतो. समोरून आलेल्या लाटेने जहाजाचं नाक वर-खाली होतं, त्यावर पंखांचा काही उपाय नाही. तिथे मात्र वेग कमी करणं हाच इलाज. मग कॅप्टन काय करतो? जेवणाच्या वेळेला वीस-तीस अंश दिशा बदलून लाट तिरकी घेतो, अंतर थोडं वाढतं, ते रात्री भरून काढतो. प्रवाशाला कळतही नाही की आपलं ताट सरकलं नाही ते कशामुळे.

ज्यांना मळमळतं त्यांनी बुकिंग करतानाच मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खोली घ्यावी. पुढच्या टोकाची वरची खोली दिसायला छान, पण नाकाचं वर-खाली होणं तिथे सगळ्यात जास्त. गोळी लाट सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. कुठली, ते डॉक्टरला विचारून. घोषणेत "आज रात्री दोन ते तीन मीटर" ऐकलं की ती वेळ समजा.

कंबर_तलाव

घोषणेचा विषय निघालाच आहे तर दोन टोकं सांगतो, दोन्ही इटालियन कॅप्टन.

१३ जानेवारी २०१२, 'कोस्टा कॉन्कॉर्डिया', जहाजावर ४,२२९ माणसं. जिलियो बेटाला जवळून सलामी द्यायच्या नादात रात्री ९.४५ ला खडकावर घासलं. प्रवाशांना सांगितलं गेलं की वीज गेली आहे, परिस्थिती आटोक्यात आहे. जहाज सोडण्याचा हुकूम आला १०.५४ च्या सुमारास. म्हणजे तासाहून जास्त वेळ लोकांकडे चुकीची माहिती होती. जहाज तोवर इतकं कललं होतं की एका बाजूच्या कित्येक बोटी नीट उतरवता आल्या नाहीत. ३२ मृत्यू. कॅप्टन फ्रान्चेस्को स्केत्तिनो लोक जहाजावर असतानाच बाहेर पडला. त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली.

फेब्रुवारी २०२०, 'डायमंड प्रिन्सेस', योकोहामा. ३,७११ माणसं, त्यांत १३८ भारतीय आणि त्यांतले बहुतेक कर्मचारी. करोनामुळे प्रवासी खोल्यांत बंद, ७१२ जणांना लागण. कॅप्टन जेन्नारो आर्मा रोज माइकवर यायचा. आज किती नवे रुग्ण, जेवण कधी, औषधं कुठपर्यंत आली, डेकवर कुणाला किती वाजता सोडणार. वाईट आकडाही तो स्वतःच सांगायचा. १ मार्चला सगळे उतरल्यावर शेवटी तो उतरला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याचा सन्मान केला. त्या क्वारंटाइनच्या पद्धतीवर टीका खूप झाली आणि ती रास्तही आहे, पण ते निर्णय जपान सरकारचे होते. खोलीत बसलेल्या माणसाला माहितीसाठी अफवांवर जगावं लागलं नाही, एवढं श्रेय कॅप्टनचं.

कडक_भाकरी

+१. यात एक बारीक गोष्ट: घोषणा कुणाच्या आवाजात येते. मौजमजेचं क्रूझ डायरेक्टर सांगतो. हवामान, बंदर गाळणं, परत फिरणं हे कॅप्टनने स्वतः सांगायचं असतं. बंदर गाळल्याची बातमी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर चिठ्ठी लावून दिली, तर तासाभरात तिथे दोनशे माणसांची रांग आणि काउंटरवरच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी. तीच बातमी कॅप्टनने कारणासकट दिली, "वारा ४० नॉट आहे, आमची मर्यादा ३०, दोनदा प्रयत्न केला, पुढचा कार्यक्रम दुपारी चारला सांगतो", की रांग निम्मीही राहत नाही. त्यातही "चारला सांगतो" म्हटल्यावर चारला सांगावंच लागतं, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

विजापूर_वेस

उशिरा आलेल्यांसाठी जहाज थांबत का नाही, हे पण कुणीतरी लिहा. "दहा मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं" हे वाक्य फार ऐकू येतं.

चौथी_पट्टी

बिघडतं. पायलट आणि टग ठरलेल्या वेळेचे असतात, धक्का पुढच्या जहाजाला दिलेला असतो, काही बंदरांत भरतीची वेळ असते. त्यातलं एक चुकलं तर दहा मिनिटांचे दोन तास होतात. ते भरून काढायला वेग वाढवावा लागतो, आणि जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. १८ चे २० नॉट केले की वेग ११ टक्के वाढला, ताकद ३७ टक्के. तेवढंच अंतर जायला इंधन २३ टक्क्यांच्या आसपास जास्त जळतं.

जहाजाची स्वतःची सहल उशिरा परतत असेल तर कॅप्टनला त्याची खबर असते आणि तो शक्यतो थांबतो. तुम्ही बाहेरची टॅक्सी करून गेलात तर तुमची वाट बघायला तो बांधलेला नाही. बंदरात उतरताना जहाजाच्या एजंटचा नंबर असलेलं दैनिक पत्रक खिशात ठेवा आणि पासपोर्टची प्रतही. सुटायच्या अर्धा-एक तास आधी 'सर्व आत' ची वेळ असते, ती खरी वेळ समजा.

डफरीन_चौक

याच मुद्द्यावर सोलापूरकरांसाठी. मुंबईची क्रूझ बॅलार्ड पिअरहून, सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत, हाताशी भरपूर वेळ. वंदे भारत सकाळी निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते. चेक-इनची वेळ दुपारची असली तर कागदावर जमतं, पण गाडी दोन तास रखडली की जहाज गेलंच. तिकिटावरची चेक-इन बंद होण्याची वेळ बघा, सुटण्याची नव्हे.

चढल्यावर पहिलं काम मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याची तालीम. कॉन्कॉर्डियानंतर नियम कडक झाला: २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी हे झालंच पाहिजे, आधी २४ तासांची सवलत होती. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघून मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करायचं असतं. कार्डावर छापलेलं अक्षर-आकडा ती जागा. सात किंवा जास्त लहान भोंगे आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा. कॅप्टन या यादीवर नजर ठेवून असतो आणि न आलेल्यांची नावं स्पीकरवर पुकारली जातात. आपल्याकडची मंडळी तेव्हा बुफेत असतात, हे कटू सत्य आहे.

हत्तरसंग

शेवटचं विचारते. सोबत ७०-७५ वयाची माणसं असतील, गुडघे दुखणारी, तर लक्षद्वीपचं काय? आणि रात्री कुणाला छातीत दुखलं तर कॅप्टन जहाज वळवतो का?

चौथी_पट्टी

लक्षद्वीपला एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी लहान बोटींतून जातात. जहाजाच्या बाजूचं दार आणि बोट यांच्यात लाटेने वर-खाली होतं, अर्धा-पाऊण मीटर सहज. दोन खलाशी दंडाला धरतात आणि ते "आता" म्हणतील तेव्हाच पाऊल टाकायचं. एक हात मोकळा हवा, म्हणून पिशवी पाठीला. हालचाल वाढली की कॅप्टन उतरवणं थांबवतो, आणि गेलेल्यांना परत आणता येईल का याचा विचार करूनच थांबवतो. म्हणून सकाळी समुद्र शांत दिसत असतानाही तो नाही म्हणू शकतो. अशा बंदरासाठी तिकीट काढणाऱ्याने बेट दिसेलच असं धरू नये. न उतरल्यास साधारणपणे त्या बंदराचे कर-शुल्क परत मिळतं, पूर्ण भाडं नाही.

आजारपणाचं असं. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. ऑपरेशन, अँजिओप्लास्टी असलं काही तिथे होत नाही. डॉक्टर सांगतो की रुग्णाला किती तासांत रुग्णालय हवं, कॅप्टन बघतो की कुठलं बंदर किती तासांवर आहे. मुंबई–गोवा मार्गावर किनारा फार लांब नसतो, त्यामुळे वेग वाढवणं किंवा जवळच्या बंदराबाहेर बोट बोलावणं हे आधी. हेलिकॉप्टर हा शेवटचा पर्याय: त्याचा पल्ला मर्यादित, रात्री दोरीने उचलणं धोक्याचं, आणि डेक मोकळा करून आगीचं पथक उभं करावं लागतं.

ज्येष्ठांच्या गोळ्या चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. मराठीतली फाइल तशीच नेली तर जहाजाच्या डॉक्टरला वाचता येणार नाही; औषधांची नावं, मात्रा आणि शेवटचा ईसीजी इंग्रजीत एका कागदावर घ्या. विम्यात 'समुद्रातून हलवण्याचा खर्च' स्पष्ट लिहिलाय का ते डफरीन_चौक यांच्यासारख्यांकडून तपासून घ्या.

डफरीन_चौक

तपासून देतो. पॉलिसीचं पहिलं पान नको, अटींची पानं पाठवा.